मागावरची बोली

दारातच छातीवर चिकटवायला नावाची चिठ्ठी मिळाली.
स्पेलिंग बरोबर होतं, उत्कर्षा हावळ,
पण स्वागताच्या बाईंनी वाचलं, "अट-कार्षा."
मी दुरुस्त केलं नाही.
शिष्यवृत्ती म्हटली की आधी अट येणारच.

प्रेस्टन. ऑक्टोबर संपत आलेला. सहालाच अंधार.
विद्यापीठाच्या वरच्या मजल्यावर गोल टेबलं,
प्रत्येकावर एक दाता, दोन विद्यार्थी, एक प्राध्यापक
आणि मधोमध कुणीच न तोडलेला द्राक्षांचा घड.

"ओळखी वाढवा," ईमेलमध्ये लिहिलं होतं,
"एका जागी तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका."
घरी उलट शिकवलेलं:
आलेल्या माणसाला उभ्या उभ्या पाठवू नये.
संत्र्याच्या रसाचा पेला सांभाळत मी फिरले,
एका बँकवाल्याला विषय सांगितला,
एका निवृत्त न्यायाधीशांना गाव सांगितलं.
"मुंबईजवळ?" ते म्हणाले. मी म्हणाले, "हो."
पावणेचारशे किलोमीटर एका घोटात गिळले.

मग कार्यक्रम. हरारेच्या तेंदाईनं एंबिरा वाजवला.
मला "काहीतरी रंगीत" करायला सांगितलेलं,
म्हणून मी सगळ्यांना हादग्याचा फेर धरायला लावला.
हत्तीच्या जागी प्रोजेक्टर.
कुलगुरूंचा पाय दर वेळी उलटाच पडत होता.
खिरापत ओळखा म्हटलं, तर चौघं एकदम म्हणाले, समोसा.
डब्यात चिक्की होती.

टाळ्या, बशा, मायक्रोफोनची शिट्टी.
टेबलापलीकडे मिसेस डोरीन एंटविसल, वय चौऱ्याऐंशी,
पडद्यांचं दुकान विकून आलेल्या पैशातून
थोरल्या बहिणीच्या नावानं माझी फी भरणाऱ्या.
त्यांनी आवाज चढवला नाही.
ओठ मोठे केले, भुवई उचलली,
दोन बोटं भाषण करणाऱ्याकडे, मग खुर्चीकडे.
हातांचं आधी कळलं, ओठांचं मागून:
"ह्याला कुणीतरी बसवा गं."

मी तसंच उत्तर दिलं, आवाज न काढता:
"अजून चार पानं आहेत हातात."
त्यांचा चमचा हवेतच थांबला.

कुठे शिकलीस?
इचलकरंजीत. सोळा मागांचं शेड,
आई कांड्या भरायची, मी शाळेतून डबा घेऊन थेट तिथे.
त्या खडखडाटात हाक पोचत नाही.
मालक आला, पगार लांबला, अमकीला दिवस गेले,
सगळं ओठांवर आणि बोटांवर.
आईला आता डाव्या कानानं ऐकू येत नाही.

त्यांनी आपला डावा कान दाखवला.
नेल्सन गावातली गिरणी, पंधरावं वर्ष.
बहीण, एड्ना, मोठ्या शाळेची परीक्षा पास झालेली,
पण गणवेशाला पैसे नव्हते,
म्हणून तीही मागावर.
एवढंच सांगून त्यांनी एक द्राक्ष तोडलं.

मी त्यांना 'धोटा' शब्द शिकवला.
ओठांनीच म्हणाल्या. बरोबर म्हणाल्या.

आमच्या सातव्या मागाच्या बिडावर
उठावाच्या इंग्रजी अक्षरांत 'बर्न्ली' होतं.
कुणी वाचत नसे. आई त्यावर हातपुसणं वाळत घालायची.
हे त्यांना सांगावं की नाही, ठरवता आलं नाही,
तेवढ्यात कॉफी आली.

निघताना फॉर्म. आज किती जणांशी संपर्क झाला?
एक ते पाच, सहा ते दहा, दहाच्या वर.
मी पहिल्याच चौकोनात खूण केली.
बाईंचा चेहरा जरा उतरला.

खाली टॅक्सी उभी. काच बंद, इंजिन चालू.
आतून त्यांनी ओठ हलवले, सावकाश, मोठे करून.
आभार नाही, अभिमान नाही, भविष्याबद्दल काही नाही.
"कोटाची बटणं लाव, वेडे."

लावली.
सगळ्यात खालचं तुटलेलं होतं, तिथे हात धरून उभी राहिले
गाडी वळेपर्यंत.